शास्त्रज्ञांचा इशारा कसा वाचावा: जागतिक महासंकटांच्या सूचना प्रथमच समजून घेणाऱ्यांसाठी

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी नासाने '२०२४ वायआर४' या लघुग्रहाविषयी जो आकडा प्रसिद्ध केला, त्यानुसार तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के होती. त्यानंतर आठवडा उलटायच्या आतच ही शक्यता जवळजवळ शून्यावर आली. हे पाहून कोणी म्हणाले की शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात, तर कोणाला वाटले की काहीतरी दडवले जात आहे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते, कारण दोघांनीही तो इशारा भविष्यवाणीसारखा वाचला होता. वैज्ञानिक इशारा हे अटींसह केलेले विधान असते. त्यात किती शक्यता, कोणत्या मुदतीत, कशाच्या आधारावर आणि काय केल्यास ती बदलेल, या चार गोष्टी गुंफलेल्या असतात. त्यांतली एक जरी गळून पडली, तरी उरते ती अफवा. या चारही गोष्टी कशा शोधाव्यात, हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे.

पहिली पायरी: संकट खरोखर जागतिक आहे का, ते पाहावे

'जागतिक महासंकट' हा शब्द बातम्यांमध्ये सैलपणे वापरला जातो. निक बोस्ट्रॉम आणि मिलान चिर्कोविच यांनी २००८ मध्ये या विषयावर संपादित केलेल्या ग्रंथात त्याची ढोबळ मर्यादा सुचवली होती. सुमारे १ कोटी मृत्यू किंवा १० लाख कोटी डॉलर इतकी हानी घडवणारी घटना या वर्गात निश्चितपणे बसेल, असा तिचा आशय आहे. ही रेघ काटेकोर नाही, परंतु तुलनेला उपयोगी पडते. वायआर४ चा व्यास सुरुवातीच्या अंदाजांनुसार ४० ते ९० मीटर होता. एवढा दगड एखादे शहर उद्ध्वस्त करू शकतो, पण साऱ्या जगाचे हवामान बदलू शकत नाही. सुमारे एक किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या लघुग्रहापासून जागतिक परिणामांची भीती सुरू होते, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा काळ संपवणारा लघुग्रह सुमारे दहा किलोमीटरचा होता. म्हणजे त्या फेब्रुवारीत 'पृथ्वीचा विनाश' असे मथळे देणाऱ्यांची शक्यतेबाबत आणि आकारमानाबाबत अशी दुहेरी गफलत झाली होती.

दुसरी पायरी: इशाऱ्याचा प्रकार ओळखावा

सगळे इशारे एकाच तागडीत तोलता येत नाहीत. काही इशारे निवेदनाच्या रूपात येतात. जून १९४५ मध्ये शिकागो येथील शास्त्रज्ञांनी जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी सरकारला अहवाल दिला आणि अणुबॉम्ब पूर्वसूचनेशिवाय जपानवर टाकू नये, आधी त्याचे निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवावे, असे सुचवले. तो अहवाल गोपनीय होता आणि तो मानला गेला नाही. जनतेला उद्देशून बोलायला हवे, ही जाणीव अनेक अणुशास्त्रज्ञांच्या मनात त्याच काळात दृढ झाली. ९ जुलै १९५५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी वाचून दाखवलेल्या, अण्वस्त्रांच्या धोक्याविषयीच्या जाहीरनाम्यावर ११ जणांच्या सह्या होत्या, आणि त्यांपैकी आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आपली सही एप्रिलमधील मृत्यूच्या काही दिवस आधी केली होती. त्यातूनच १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश या गावी शास्त्रज्ञांच्या परिषदांची मालिका सुरू झाली.

अशा निवेदनात नैतिक वजन मोठे असते, पण मोजमाप कमी असते. सह्यांच्या संख्येवरून चिंता किती दूरवर पसरली आहे हे कळते, पुरावा किती खोल आहे हे कळत नाही. २०१७ मध्ये पर्यावरणाच्या ऱ्हासाविषयी मानवजातीला दिलेल्या 'दुसऱ्या इशाऱ्या'वर १८४ देशांतील १५,३६४ शास्त्रज्ञांनी सह्या केल्या, आणि तो आकडा निश्चितच दखल घेण्याजोगा आहे. तथापि २०१९ मधील हवामान-आणीबाणीच्या निवेदनावर ११,००० हून अधिक सह्या जमल्या, तेव्हा त्यांत 'मिकी माउस' हे नावही सापडले आणि काही नोंदी वगळाव्या लागल्या. निवेदनाचा मजकूर त्यामुळे खोटा ठरला नाही, मात्र टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. म्हणून सही करणारे त्याच विषयात संशोधन करणारे आहेत का, हे पाहावे. तज्ज्ञांमध्येही एकमत असेलच असे नाही. ३० मे २०२३ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेपासून मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणे हे साथी आणि अणुयुद्ध यांच्याइतकेच प्राधान्याचे मानावे, असे एकाच वाक्याचे निवेदन प्रसिद्ध झाले. या क्षेत्रातील अग्रणी संशोधक जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांची नावे सह्यांमध्ये ठळक होती. या दोघांसोबत संगणकशास्त्रातील २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे यान लेकुन यांनी सही तर केली नाहीच, उलट ही भीती अतिरंजित असल्याचे ते जाहीरपणे सांगत राहिले. एका वाक्यात सर्वांना सामावता येते, कारण संकट नेमके कसे ओढवेल हे त्यात सांगावे लागत नाही.

दुसरा प्रकार प्रतीकाचा आहे. 'बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर १९४७ मध्ये मध्यरात्रीला सात मिनिटे कमी दाखवणारे घड्याळ आले; त्यात मध्यरात्र म्हणजे महाविनाश. ते रेखाटणाऱ्या मार्टिल लँग्सडॉर्फ यांनी काटे तिथे ठेवले ते दिसायला बरे वाटले म्हणून. त्यामागे कोणतेही गणित नव्हते. पुढे काट्यांची जागा जाणकारांच्या विचारविनिमयातून ठरू लागली. शीतयुद्ध संपताना, १९९१ मध्ये, ते १७ मिनिटांवर गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ८९ सेकंदांवर आणले गेले. या दोन आकड्यांचा भागाकार करून 'धोका इतक्या पटींनी वाढला' असे म्हणणे निरर्थक आहे. नवख्याने एक गंमत लक्षात ठेवावी: १९६२ मधील क्युबा क्षेपणास्त्र संकटाच्या वेळी, जेव्हा जग बहुधा अणुयुद्धाच्या सर्वाधिक जवळ आले होते, तेव्हा हे घड्याळ हललेच नाही, कारण काटे फिरवण्याचा निर्णय होण्याआधीच ते संकट मावळले होते. हे घड्याळ दीर्घकालीन कल दाखवते, आजचा धोका मोजत नाही.

तिसरा प्रकार कायदेशीर घोषणेचा. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविडला 'आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी' घोषित केले. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार त्या वेळी देता येणारा हा सर्वोच्च इशारा होता. तरीही अनेक सरकारे आणि बहुसंख्य लोक खडबडून जागे झाले ते ११ मार्चला, जेव्हा संघटनेच्या प्रमुखांनी 'जागतिक महामारी' हा शब्द उच्चारला. त्या शब्दाला तेव्हाच्या नियमांत स्वतंत्र कायदेशीर दर्जा नव्हता. खरी घंटा जवळजवळ सहा आठवडे आधी वाजली होती, पण तिचे नाव इतके बोजड होते की ती कानांवर पडूनही ऐकू गेली नाही. म्हणून प्रत्येक क्षेत्रातील अधिकृत इशाऱ्याचे नाव काय आणि त्याच्या वर आणखी काही पायरी आहे का, हे आधीच माहीत करून घ्यावे.

चौथा प्रकार मूल्यमापन अहवालाचा. त्याची भाषा शिकून घ्यावी लागते, म्हणून त्याला पुढची पायरी स्वतंत्रपणे दिली आहे.

तिसरी पायरी: 'शक्यता आहे' या शब्दांचे माप विचारावे

संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी १९८८ मध्ये स्थापन केलेले हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ, म्हणजेच आयपीसीसी, स्वतः नवे संशोधन करत नाही. प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा घेऊन कोणते विधान किती खात्रीने करता येते, हे ते ठरवते. त्याच्या अहवालांत शक्यतादर्शक शब्दांना ठरलेली किंमत आहे. 'शक्य' या अर्थाचा पहिला दर्जा ६६ टक्क्यांच्या वर, 'अतिशय शक्य' ९० टक्क्यांच्या वर, 'अत्यंत शक्य' ९५ टक्क्यांच्या वर, आणि 'जवळजवळ निश्चित' ९९ टक्क्यांच्या वर. याखेरीज 'विश्वास' ही वेगळी मोजपट्टी आहे, आणि पुरावा किती आहे व त्याबाबत तज्ज्ञांत किती एकवाक्यता आहे, यावरून तो कमी, मध्यम किंवा उच्च ठरतो.

ही भाषा कळली की एक कथा उलगडते. तापमानवाढीला मुख्यतः माणूस जबाबदार आहे, या विधानापुढे २००१ च्या अहवालात ६६ टक्क्यांचा, २००७ मध्ये ९० टक्क्यांचा आणि २०१३ मध्ये ९५ टक्क्यांचा शब्द होता. २०२१ मध्ये शक्यतेचा शब्द काढूनच टाकला गेला आणि मानवी प्रभावाने वातावरण, महासागर व भूभाग तापले हे निःसंदिग्ध आहे, असे लिहिले गेले. वरवर पाहणाऱ्याला चारही अहवाल 'तेच ते' सांगणारे वाटतात. प्रत्यक्षात वीस वर्षांत खात्री कशी घट्ट होत गेली, ते त्यांत नोंदलेले आहे.

मराठी वाचकासाठी येथे विशेष अडचण आहे. वरच्या चार दर्जांपैकी पहिल्या तिन्हींचे मराठी बातमीत एकच भाषांतर होते: 'शक्यता आहे'. रोजच्या बोलण्यात तर 'शक्यता आहे' म्हणजे होईल किंवा होणारही नाही, असा निम्मा-निम्मा अर्थ निघतो. परिणामी ९५ टक्के खात्रीचे विधान आपल्यापर्यंत पोहोचताना ढिले पडते, आणि ५ टक्के शक्यतेचे विधान मात्र त्याच शब्दांमुळे फुगते. यावर उपाय सोपा आहे: शब्दाऐवजी टक्केवारी शोधावी, आणि ती बातमीत नसेल तर मूळ अहवालाच्या सारांशात पाहावी. हा सारांश सरकारांचे प्रतिनिधी शास्त्रज्ञांसह बसून ओळ न ओळ मंजूर करतात. त्यामुळे त्याची भाषा भडक होण्यापेक्षा सावध होण्याकडेच अधिक झुकते, असे माझे मत आहे.

कमी शक्यतेची विधानेही वगळू नयेत. महासंकटांच्या अभ्यासात घडण्याची शक्यता थोडी पण घडल्यास हानी अफाट, अशा घटनांना मुद्दाम वेगळी जागा दिली जाते. वादळाची शक्यता ५ टक्के असेल तर आपण छत्री घरी ठेवू. विमान कोसळण्याची शक्यता ५ टक्के असेल तर त्यात कोणीही पाऊल ठेवणार नाही.

चौथी पायरी: आकडा का बदलला, हे समजून घ्यावे

आता वायआर४ कडे परत येऊ, कारण आकडा आधी वाढून मग एकदम कोसळणे हे फसवणुकीचे नव्हे तर पद्धतीचे लक्षण आहे. नवा लघुग्रह सापडतो तेव्हा त्याच्या कक्षेची नोंद थोड्या दिवसांची असते, म्हणून काही वर्षांनंतर तो नेमका कुठे असेल हे एका बिंदूने सांगता येत नाही. सांगता येतो तो अवकाशातील एक लांबच लांब पट्टा, ज्यात तो कुठेतरी असेल. पृथ्वी त्या पट्ट्यात ठेवलेल्या नाण्यासारखी समजावी. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आखडतो. नाणे अजून त्याच्या आत असेल, तर आखूड झालेल्या पट्ट्याचा अधिक मोठा हिस्सा ते व्यापते आणि म्हणून टक्केवारी वाढते. पट्टा आणखी आखडला आणि त्याचे टोक नाण्यावरून सरकून पलीकडे गेले, की शक्यता शून्य होते. खरोखर आदळणाऱ्या लघुग्रहाचा आकडा मात्र याच वाटेने चढत शंभरापर्यंत जाईल, आणि म्हणूनच सुरुवातीच्या चढाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ही शिस्त खगोलशास्त्रज्ञांनी ठेच लागून शिकली. मार्च १९९८ मध्ये '१९९७ एक्सएफ११' हा लघुग्रह २०२८ साली पृथ्वीच्या फार जवळून जाईल आणि टक्कर अगदीच अशक्य नाही, असे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी १९९० मधील जुन्या छायाचित्रांत तो सापडला आणि टकरीची भीती निकालात निघाली. त्यानंतर पडताळणीची पद्धत कडक झाली आणि १९९९ मध्ये रिचर्ड बिन्झेल यांची शून्य ते दहा अंकांची मोजपट्टी इटलीतील टोरिनो येथे स्वीकारली गेली. आकारमान आणि शक्यता या दोन्ही गोष्टी मिळून तिच्यावरचा अंक ठरतो. डिसेंबर २००४ मध्ये 'अपोफिस' या लघुग्रहाने ४ हा अंक गाठला, आणि तो आजवरचा उच्चांक आहे. वायआर४ ३ पर्यंत गेला होता. २००५ मध्ये या मोजपट्टीचे शब्दही बदलण्यात आले. मधल्या अंकांसमोरची 'चिंता' ही भाषा जाऊन तेथे 'खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष देण्याजोगे' अशा आशयाची भाषा आली, कारण मूळ शब्दांनी सामान्य माणूस विनाकारण घाबरत होता.

वायआर४ ची सूचना जनतेपर्यंत आली तीही कोणाच्या लहरीने नव्हे. दहा मीटरहून मोठ्या वस्तूची टक्कर होण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली, की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने अधिकृत सूचना द्यायची, असे आधीच ठरलेले होते आणि त्यानुसार ती २९ जानेवारी २०२५ रोजी दिली गेली.

पाचवी पायरी: दाव्याचा माग मुळापर्यंत काढावा

दावा आधी तज्ज्ञांनी तपासला की आधी लोकांपुढे आला, हा प्रश्न विचारावा. अणुयुद्धातील आगींची काजळी सूर्यप्रकाश अडवून 'आण्विक हिवाळा' आणेल, हा निष्कर्ष अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी ३० ऑक्टोबर १९८३ रोजी वृत्तपत्रांसोबत येणाऱ्या एका साप्ताहिकात मांडला, आणि सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांचा तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आला तो डिसेंबरच्या अखेरीस. जगाला वेळीच सावध करण्याची तळमळ खरी होती, पण या क्रमामुळे विज्ञानापेक्षा राजकारणावर अधिक वाद झाला. १९९१ मध्ये कुवेतमधील तेलविहिरी पेटल्या, तेव्हा दक्षिण आशियातील हवामानावर मोठा परिणाम होईल ही सेगन यांनी व्यक्त केलेली भीती खरी ठरली नाही, कारण तो धूर स्थितांबरापर्यंत, म्हणजे ढग-पावसाच्या थरावरील वातावरणाच्या थरापर्यंत, चढलाच नाही. त्यामुळे आण्विक हिवाळ्याची संकल्पनाच खोटी ठरली, असे मात्र समजू नये. पेटलेल्या शहरांची काजळी किती उंच जाईल हा प्रश्न वेगळा आहे, आणि अलीकडच्या प्रगत संगणकीय प्रारूपांनीही मोठ्या अणुयुद्धानंतर अन्नधान्याचे उत्पादन कोसळेल, असेच दाखवले आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची फार मोठी शक्यता असल्याचे वाक्य होते. त्याचा माग काढला असता ते तज्ज्ञ-परीक्षण झालेल्या संशोधनातून नव्हे, तर एका संस्थेच्या अहवालातून आणि त्याआधी १९९९ मधील नियतकालिकांतील मजकुरातून आल्याचे दिसले. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक मान्य केली. हजारो पानांतील एका परिच्छेदाने सगळा अहवाल बाद होत नाही, आणि हिमनद्या वितळत आहेत हेही खरेच आहे. पण साल, टक्के आणि नाव असलेले विधान जितके ठसठशीत, तितका त्याचा माग अधिक कसून काढावा.

सहावी पायरी: 'पुरावा नाही' हे शब्द नीट ऐकावेत

दिलासा देणारी विधानेही इशाऱ्याइतक्याच काळजीने वाचावीत. १४ जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमावर कळवले की, चिनी अधिकाऱ्यांच्या प्राथमिक तपासात नव्या विषाणूचा माणसाकडून माणसाला संसर्ग होत असल्याचा स्पष्ट पुरावा आढळलेला नाही. वाक्य शब्दशः बरोबर होते; वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'संसर्ग होत नाही' असा घेतला. धोक्याचा पुरावा नसणे आणि धोका नसल्याचा पुरावा असणे या दोन गोष्टींत, विशेषतः तपास सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असताना, फार मोठे अंतर असते.

सातवी पायरी: काय करायला सांगितले आहे, ते शोधावे

मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले की शीतकपाटांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे ओझोनचा थर नष्ट करू शकतात. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या तिघा शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याची मोजमापे प्रसिद्ध केली. 'ओझोनचे छिद्र' हा शब्द शास्त्रीय दृष्टीने ढोबळ असला तरी तो लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे करून गेला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे करार झाला, तोही सर्व रसायनशास्त्र पक्के होण्यापूर्वी. करारकर्त्यांनी प्रथम उत्पादन निम्म्यावर आणण्याचे ठरवले, शास्त्रज्ञांच्या आढाव्यानुसार अटी बदलण्याची सोय ठेवली, आणि १९९० मध्ये लंडन येथे पूर्ण बंदीचा निर्णय घेतला. २०२२ च्या मूल्यमापनानुसार सध्याची धोरणे चालू राहिल्यास अंटार्क्टिकावरील थर सुमारे २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीवर येईल.

हा इशारा यशस्वी झाला कारण त्यात ठरावीक पदार्थ, ठरावीक उपाय आणि मोजता येणारा परिणाम होता. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे यशस्वी इशारा पुढच्या पिढीला खोटा वाटतो. 'त्या छिद्राचे काय झाले, उगाच बोंब मारली' असे म्हणणारे मला आजही भेटतात. उपाय न सांगणारा इशारा समोर आला, तर तो प्राथमिक अवस्थेतला आहे की मांडणारा केवळ लक्ष वेधू पाहत आहे, हे तपासावे.

काही वेळा तपशील जाणूनबुजून गाळलेला असतो. २०११ मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सस्तन प्राण्यांत हवेतून पसरेल असे बदल दोन प्रयोगशाळांनी घडवले, तेव्हा अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने गैरवापर होऊ नये म्हणून आधी प्रयोगाची पद्धत वगळून निबंध छापावेत असे सुचवले. पुढे २०१२ मध्ये ते पूर्ण छापले गेले. काही वेळा तर धोका प्रत्यक्षात येण्याआधीच इशारा येतो: डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'प्रतिबिंब-जीवाणूं'विषयी, म्हणजे ज्यांचे रेणू नैसर्गिक रेणूंच्या आरशातील प्रतिमेसारखे असतील अशा कृत्रिम जीवाणूंविषयी, ते कोणी तयार करण्याच्या कितीतरी आधीच सावध केले.

आठवी पायरी: पुढे सांगताना अटी सोबत ठेवाव्यात

'शास्त्रज्ञ म्हणतात, २०३२ मध्ये पृथ्वीला धोका' हे वाक्य पाठवण्याऐवजी 'नासाच्या १८ फेब्रुवारी २०२५ च्या नोंदीनुसार सुमारे ६० मीटरचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी आदळण्याची शक्यता ३.१ टक्के आहे. आणखी निरीक्षणांनंतर हा आकडा बदलेल' असे लिहावे. वाक्य लांबते, हे मान्य. पण त्यात तारीख असल्याने आठवड्यानंतर वाचणाऱ्याला ते शिळे झाल्याचे कळते, आणि संस्थेचे नाव असल्याने ताजी नोंद कुठे पाहायची हेही कळते. प्रश्नचिन्ह लावलेले मथळे टाळावेत, आणि आधी पाठवलेला आकडा बदलला तर नवा आकडाही त्याच माणसांना आवर्जून कळवावा.

सरावासाठी एक तारीख हाताशी आहे. शुक्रवार, १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही अलीकडून जाईल, आणि युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियाच्या काही भागांतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. मार्च २०२१ मधील रडार निरीक्षणांनंतर नासाने पुढील किमान शंभर वर्षांसाठी त्याच्या टकरीची शक्यता नाकारली आहे आणि टोरिनो मोजपट्टीवर त्याचा अंक शून्य आहे. त्या आठवड्यात जे संदेश फिरतील, त्यांत २००४ चा २.७ टक्के हा जुना आकडा तारखेविना पुन्हा आलेला दिसण्याची बरीच शक्यता आहे. किती टक्के, ते मात्र मी मोजलेले नाही.